रक्ताचा दाब, मेद आणि मुके वृक्क

गेल्या मार्गशीर्षांत आमचे वडील बंधु अण्णा यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढावयाचें ठरलें. अण्णांचें वय एकाहत्तर. कारखान्यांतील नोकरीनिमित्त ते विक्रोळीस आले, मागोमाग मीहि शाळेंत नोकरी धरून येथेंच आलों, आणि कन्नमवार नगरांत दोघां भावांचीं बिऱ्हाडें जीं एका चुलीवर आलीं तीं आजतागायत तशींच आहेत. घरांत लहानमोठीं नऊ माणसें. शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्यांच्या डॉक्टरांनीं रक्ताचा दाब मोजला, रक्त तपासावयास सांगितलें आणि लघवीची बाटली आणावयास फर्माविलें. ही शेवटची आज्ञा अण्णांस मुळींच रुचली नाहीं. "डोळा कोठें आहे आणि हे शोध कोठें करितात!" असें ते जिना उतरतांना इतक्या मोठ्यानें म्हणाले कीं खालच्या मजल्यावरचे शेजारी दार उघडून पाहूं लागले.

दोन दिवसांनीं तपासणीचा कागद हातीं आला. रक्ताचा दाब १६८ वर ९६ होता, तो तर ठाऊकच होता. पण क्रिएटिनिन १.८, ट्रायग्लिसराइड ३१०, एलडीएल नांवाचें कोलेस्टेरॉल १५२, आणि लघवींत अल्ब्युमिन भरपूर. मोतीबिंदु राहिला बाजूस. डोळ्यांच्या डॉक्टरांनीं चिठ्ठी लिहून वृक्कांच्या, म्हणजे मूत्रपिंडांच्या, डॉक्टरांकडे पाठविलें. अण्णांचें म्हणणें एकच: "मला कांहींएक होत नाहीं. पाय सुजत नाहींत, कंबर दुखत नाहीं, लघवी साफ होते. मग बिघडलें तें काय?"

हा प्रश्न मला रास्त वाटला. अण्णांस रक्तदाबाचा विकार आहे हें अठरा वर्षांपूर्वींच कळलें होतें. गोळीहि घरांत होती. पण डोकें जड झालें म्हणजे ती घ्यावयाची आणि हलकें झालें कीं सोडून द्यावयाची, असा त्यांचा क्रम. या अठरा वर्षांत त्यांची लघवी एकदांहि तपासली गेली नव्हती. अण्णांची नात वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षास आहे. तिनें मला ग्रंथ आणून दिले व माझ्या अडाणी शंकांस ती कंटाळली नाहीं. तिच्याकडून आणि डॉक्टरांकडून गेल्या नऊ महिन्यांत जें समजलें तें येथें मांडतों. ज्या घरांत रक्तदाबाची गोळी घेणारें एक तरी माणूस आहे, तेथें हा प्रश्न आज ना उद्यां उठणारच. आणि असें माणूस नसलेलें घर आतां विरळा. मुंबई महानगरपालिकेनें २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनें शहरांतील प्रौढांची पाहणी केली, तींत शेंकडा सुमारें ३४ जणांस रक्तदाबाचा विकार आढळला व शेंकडा सुमारें २१ जणांचें कोलेस्टेरॉल वाढलेलें निघालें.

कमरेच्या किंचित वर, पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, मुठीएवढे दोन अवयव असतात, ते वृक्क. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या. एकेक गाळणी म्हणजे केसाहूनहि बारीक रक्तवाहिन्यांचा गुंतवळ. हृदय जेवढें रक्त बाहेर टाकतें त्याचा जवळ जवळ पंचमांश या दोन मुठींकडे जातो. अहोरात्रांत सुमारें १८० लिटर द्रव तेथें गाळला जातो. त्यांतील बहुतेक सर्व पुनः रक्तांत परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो. हा हिशेब प्रथम ऐकला तेव्हां मीं तो नातीकडून दोनदां तपासून घेतला.

आतां या गाळणीवर रक्ताचा दाब काय करितो तें पाहूं. श्रीखंडाकरितां दही फडक्यांत बांधून टांगतात. टांगलेल्या दह्यांतून पाणी आपल्या गतीनें ठिबकतें व चक्का आंत राहतो. पाहुणे दारांत आले म्हणून तेंच गांठोडें दोन्ही हातांनीं पिळलें तर पाण्याबरोबर दहीहि बाहेर येतें. आणि रोज असें पिळीत गेलें तर फडक्याची वीण उसवते, मग न पिळतांहि दही गळूं लागतें. वृक्कांतील गाळणीचें असेंच होतें. वाढलेल्या दाबानें आंत येणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, कांहीं गाळण्यांस रक्त पोंचत नाहीं, त्या वाळून जातात. ज्या उरतात त्यांच्यावर अधिक दाब पडतो व त्यांची वीण उसवते. मग रक्तांत राहावयाचें अल्ब्युमिन लघवींत उतरूं लागतें. तें दिसत नाहीं, दुखत नाहीं. पुष्कळ असलें तर लघवीस फेंस येतो व तो लवकर विरत नाहीं, एवढीच काय ती खूण.

अण्णांच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. एकत्र कुटुंबांत एक भाऊ अंथरुणास खिळला तर बाकीचे त्याचें काम वांटून घेतात आणि बाहेरच्यांस कित्येक महिने पत्ता लागत नाहीं. वृक्कांतल्या गाळण्या तेंच करितात. निम्म्याच्या आसपास शक्ति गेली तरी क्रिएटिनिनचा आंकडा पुष्कळदां मर्यादेंतच दिसतो. म्हणून आतां नुसतें क्रिएटिनिन न पाहतां त्यावरून, वय व स्त्री-पुरुष भेद लक्षांत घेऊन, गाळण्याच्या शक्तीचा अंदाज काढितात. निरोगी तरुणांत ती सुमारें १०० असते. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिली तर विकार दीर्घकालीन समजावयाचा. १५ च्या खालीं गेली म्हणजे डायलिसिस किंवा दुसऱ्याचा वृक्क बसविणें यांचा विचार आला. डायलिसिस म्हणजे बहुधा आठवड्यांतून तीनदां, दर खेपेस चार तास यंत्राजवळ पडून राहणें. अण्णांचा आंकडा ३९ निघाला.

दुसरी तपासणी लघवींतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांच्या प्रमाणाची. तें प्रमाण ३० च्या खालीं असावें. ३० ते ३०० म्हणजे इशारा. त्यापुढें रोग उघड. अण्णांचें ४२०. ही तपासणी साधी, सकाळच्या पहिल्या लघवीवर होणारी आहे, आणि रक्तदाबाच्या प्रत्येक माणसानें वर्षांतून एकदां ती करावी असें डॉक्टर सांगतात. आपल्याकडे मात्र यंत्रानें दंड आवळून घेतला कीं तपासणी झाली अशी समजूत आहे. ती माझीहि होती. त्याविषयीं पुढें सांगेन.

आतां मेदाकडे वळूं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत स्रोतसांचें वर्णन आहे. तेथें मूत्रवह स्रोतसांचें मूळ बस्ति व वंक्षण असें सांगितलें आहे. मग वृक्क कोठें आहेत? ते सांगितले आहेत मेदोवह स्रोतसांचें मूळ म्हणून! तरुणपणीं हें वाचलें तेव्हां मला ती ग्रंथकाराची चूक वाटली होती. अण्णांचा कागद पाहिल्यावर पोथी पुनः काढली, आणि खरें सांगावयाचें तर क्षणभर अंगावर रोमांच उभे राहिले. पण पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याच्या मोहांत मी पडणार नाहीं. वृक्क शरीरांत चरबीच्या गादीवर बसविलेले असतात. ज्यांनीं तो अवयव पाहिला त्यांस त्याचा मेदाशीं संबंध वाटणें स्वाभाविक होतें, असा माझा तर्क आहे. तथापि मेद आणि वृक्क यांची जोडी खोटी नाहीं, हें आजच्या वैद्यकासहि मान्य आहे. ती जोडी कोणत्या मार्गानें जुळते एवढें मात्र पोथींत सांपडत नाहीं.

तो मार्ग असा. गाळणी उसवून अल्ब्युमिन वाहून जाऊं लागलें कीं यकृत तो तोटा भरून काढण्याच्या घाईंत अल्ब्युमिनाबरोबर मेद वाहून नेणारे कणहि अधिक तयार करितें. त्यामुळें कोलेस्टेरॉल वाढतें. शिवाय वृक्क दुबळे झाले म्हणजे रक्तांतील ट्रायग्लिसराइडांचा निचरा मंदावतो. उलट बाजूनें, वाढलेला मेद धमन्यांच्या भिंतींत साठतो, वृक्कांकडे जाणारी मोठी धमनीहि त्यांतून सुटत नाहीं. आणि सूक्ष्म गाळण्यांतहि तो शिरून त्यांस इजा करीत असावा अशी उपपत्ति १९८२ सालीं इंग्लंडांतील मूरहेड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडली. दाबानें वृक्क बिघडतात हें वर आलेंच. पण वृक्क बिघडल्यानें दाबहि वाढतो. १९३४ सालीं अमेरिकेंतील हॅरी गोल्डब्लाट यांनीं कुत्र्यांच्या वृक्कांच्या धमन्या चिमट्यानें अर्धवट आवळल्या आणि त्यांचा रक्तदाब चढला, तेव्हां ही गोष्ट निर्विवाद झाली. रक्त कमी मिळालेला वृक्क रेनिन नांवाचें द्रव्य सोडतो, त्याच्या साखळींतून धमन्या आवळतात व मीठ-पाणी शरीरांत धरून ठेविलें जातें. थोडक्यांत, दाब, मेद आणि वृक्क हे तिघे एकमेकांस खड्ड्यांत ओढतात.

लघवींतील अल्ब्युमिनाचा शोध जुना आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं सूज आलेल्या रोग्यांचीं वृत्तें प्रसिद्ध केलीं. चमच्यांत लघवी घेऊन तो मेणबत्तीवर धरावयाचा. अंड्याचा पांढरा बलक शिजतो तसा सांका धरला कीं वृक्क बिघडले असें समजावयाचें. एवढ्याशा चमच्यावर त्यांनीं एका रोगाची ओळख पटविली. ओळख पटली, पण उपाय मात्र पुढें शंभर वर्षें सांपडला नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रॅंकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चांत १८६ वर १०८ होता. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा तो प्रमुख, पण त्याच्या डॉक्टरांपाशीं विश्रांति, मीठ कमी करणें आणि किरकोळ औषधें यांपलीकडे कांहीं नव्हतें. १९४५ च्या १२ एप्रिलला त्यांनीं डोकें भयंकर दुखत असल्याचें सांगितलें व ते कोसळले. त्या वेळीं दाब ३०० वर १९० मोजला गेला.

त्याच काळांत आमच्या मुंबईंत एक मोठें काम चाललें होतें, हें सांगतांना अभिमान वाटतो. परळच्या केईएम रुग्णालयांतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील हे सर्पगंधेच्या मुळ्यांचा उपयोग रक्तदाबावर करून पाहत होते. ही वनस्पति आपल्या वैद्यांस पूर्वींपासून ठाऊक होती; तिच्यानें दाब उतरतो असें कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं नमूद केलें होतें. वकिलांनीं पन्नास रोग्यांवरील अनुभव पद्धतशीर मांडून १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयरोगांच्या नियतकालिकांत छापला, आणि मग सर्व जगाचें लक्ष तिकडे गेलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १९५७ सालीं वकिलांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें या औषधानें मन खिन्न होतें असें आढळल्यावरून व अधिक चांगलीं औषधें निघाल्यावरून तें मागें पडलें. हें वाचून कोणीं बाजारांतून सर्पगंधेचें चूर्ण आणूं नये, एवढी विनंति येथेंच करून ठेवितों. आमच्या अण्णांनीं तें आणण्याचा बेत केलाच होता.

आजच्या औषधांपैकीं एका वर्गाचा उगम सर्पाच्या गंधांत नसून प्रत्यक्ष विषांत आहे. ब्राझिल देशांतील एका विषारी सर्पाच्या विषाचा अभ्यास करितांना रेनिनाची साखळी मध्येंच तोडणाऱ्या द्रव्यांचा सुगावा लागला, आणि त्यांतून १९८१ सालीं कॅप्टोप्रिल हें औषध प्रचारांत आलें. त्याच्या जातीचीं औषधें दाब तर उतरवितातच, पण गाळणीच्या आंतील दाब विशेषेंकरून कमी करितात व अल्ब्युमिनाची गळती आटोक्यांत आणतात. तीं सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढूं शकतें व पोटॅशियम चढूं शकतें. म्हणून डॉक्टर पुनः रक्त तपासावयास सांगतात. अण्णांस हें पुनः पुनः सुई टोंचणें म्हणजे पैसे काढण्याची युक्ति वाटली. तशी ती नाहीं. अलीकडे, २०२० च्या सुमारास, मधुमेहाकरितां निघालेलीं कांहीं औषधें मधुमेह नसलेल्यांच्याहि वृक्कांस जपतात असें सिद्ध झालें आहे. त्यांतील एक अण्णांस आतां चालू आहे.

मेद उतरविण्याच्या गोळीवरून मात्र घरांत खरा वाद झाला. या गोळ्यांस स्टॅटिन म्हणतात. जपानचे अकिरा एंडो यांनीं हजारों बुरशा तपासल्या आणि १९७३ सालीं क्योटोच्या दुकानांतील तांदळावर आलेल्या निळसर बुरशींत कोलेस्टेरॉलची उत्पत्ति रोखणारें द्रव्य त्यांस सांपडलें. त्या जातीचें पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. अण्णांनीं डॉक्टरांस सरळ विचारलें, "ही घेतल्यानें माझे वृक्क सुधारतील काय?" डॉक्टर प्रामाणिक निघाले. "बहुधा नाहीं," असें ते म्हणाले.

"मग घेऊं कशाला?" हा अण्णांचा पुढचा प्रश्न, आणि घरीं येईपर्यंत तोच चालू होता. नातीनें मला २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाची हकीकत दाखविली. वृक्कांचा दीर्घकालीन विकार असलेल्या नऊ हजारांहून अधिक माणसांपैकीं निम्म्यांस स्टॅटिन व तिच्या जोडीचें एक औषध दिलें, निम्म्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारें पांच वर्षांनीं पाहतां धमन्या तुंबल्यामुळें येणारे हृदयाचे झटके, पक्षाघात इत्यादि प्रकार औषध घेणारांत शेंकडा सुमारें १७ नीं कमी झाले होते. वृक्कांचा ऱ्हास मात्र म्हणण्यासारखा मंदावला नाहीं. डायलिसिसवर असलेल्या रोग्यांत नव्यानें ही गोळी सुरू करून विशेष लाभ होत नाहीं असेंहि दुसऱ्या दोन प्रयोगांत दिसलें होतें. म्हणजे ही गोळी वेळेवर सुरू झाली तर उपयोगाची. यंत्रापर्यंत पोंचल्यावर तिचा उपयोग फारसा उरत नाहीं.

यांतील मर्म माझ्या ध्यानांत येण्यास दोन दिवस लागले. वृक्क दुबळे झालेल्या माणसांपैकीं पुष्कळ जण डायलिसिसपर्यंत पोंचतच नाहींत. त्यापूर्वींच त्यांस हृदयरोग गांठतो. वृक्कांचा कागद हा एका अर्थीं हृदयाचा कागद असतो. म्हणून वृक्कांच्या तज्ज्ञांच्या जागतिक मंडळानें २०१३ सालीं असा नियम घालून दिला कीं पन्नाशी उलटलेल्या व वृक्कविकार असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या माणसास कोलेस्टेरॉलचा आंकडा कितीहि असो, स्टॅटिन द्यावें. अण्णांस मीं हें अशा शब्दांत सांगितलें: "अण्णा, दाबाची गोळी वृक्कांकरितां आणि ही गोळी हृदयाकरितां. तुम्हांस दोन्ही हवींत ना?" ते कांहीं बोलले नाहींत, पण त्या रात्रीं जेवणानंतर गोळी घेतली.

औषधांचा प्रश्न असा सुटला, स्वयंपाकघराचा सुटेना. एका चुलीवर नऊ पानें शिजतात, तेथें एकाकरितां मीठ कमी करणें म्हणजे सर्वांकरितां करणें. आमच्या वहिनींचा हात चवीचा. त्यांच्या लिंबाच्या लोणच्याकरितां माणसें दादरहून येत असत. डॉक्टरांनीं दिवसाला सर्व मिळून पांच ग्रॅम मीठ सांगितलें, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, आणि त्यांतच पापड, लोणचें, फरसाण, पाव, सर्व आलें. महानगरपालिकेच्या त्याच पाहणींत मुंबईकर माणूस सरासरीनें साडेआठ ग्रॅमांच्या वर मीठ खातो असें दिसलें होतें. वहिनींनीं हें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षें मीं यांना विष घातलें, असेंच ना?" त्यानंतर दोन दिवस घरांत कोणी मोकळेपणानें बोललें नाहीं. हा दोष कोणा एका बाईचा नव्हे, हें त्यांस मीं सांगितलें, माझ्या पत्नीनें सांगितलें, नातीनें सांगितलें. पण समजूत पडली ती अण्णांच्याच एका वाक्यानें. ते पानावर बसतां बसतां म्हणाले, "आळणी वाढलेंस तरी हात तुझाच आहे."

मग हळूहळू रीत बसली. वरण-भाजींत मीठ निम्मे. ज्यास हवें त्यानें लिंबू पिळावें. लोणचें सणासुदीस. ताकांत मीठाऐवजीं जिऱ्याची पूड. पहिले तीन आठवडे सर्वांनीं नाकें मुरडलीं, पुढें जिभेस संवय झाली. आतां बाहेरचा बटाटेवडा मुलांस खारट लागतो. या बाबतींत आमच्या वर्गांत दोन गैरसमज फार दिसतात. सैंधव उपासास चालतें म्हणून तें निरुपद्रवी, हा पहिला. सैंधवहि बहुतांशीं तेंच सोडियमचें मीठ आहे, रंग काय तो निराळा. दुसरा याहून घातक. बाजारांत 'कमी सोडियमचें' म्हणून जें मीठ मिळतें त्यांत पोटॅशियमचें मीठ मिसळलेलें असतें. निरोगी माणसास तें चालेल. पण वृक्क दुबळे असून वर सांगितलेलीं औषधें चालू असतील तर रक्तांत पोटॅशियम सांचून हृदयाची गति एकाएकीं बिघडूं शकते. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं प्रेमानें आणून दिलेला असा डबा आम्हीं परत केला. त्यांस वाईट वाटलें, पण इलाज नव्हता.

१९४० च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत वाल्टर केम्प्नर नांवाचे डॉक्टर अशा रोग्यांस केवळ भात, फळें व साखर यांवर ठेवीत असत, मीठ जवळ जवळ शून्य. कित्येकांचा दाब खरोखरच उतरे, पण तो आहार इतका नीरस कीं फार थोडे टिकत. हें वाचून मला उगीचच समाधान वाटलें. आमच्या घरचा आळणी वरणभात त्यापुढें मेजवानीच म्हणावयाची.

मेदाच्या बाबतींत साजूक तुपावर सर्वांचा राग असतो, पण अण्णांचे ट्रायग्लिसराइड ३१० झाले ते तुपानें नव्हेत. ते दिवसांतून पांच वेळां साखरेचा चहा, दोन्ही वेळां भाताचा डोंगर आणि उपासाच्या नांवाखालीं साबुदाण्याची खिचडी, यांनीं झाले. एकादशीस आमच्याकडे दुप्पट खाशी होत असे. पिष्ट आणि साखर यांचा जो भाग खर्च होत नाहीं त्याचें यकृत मेदांत रूपांतर करितें. भारतीयांत कोलेस्टेरॉल फार वाढलेलें नसतांहि ट्रायग्लिसराइड अधिक व हितकर एचडीएल कमी, असें चित्र विशेष दिसतें. तूप आतां चमच्यानें मोजून, वनस्पति तूप मुळींच नाहीं. २०२२ पासून तेला-तुपांतील कृत्रिम ट्रान्स मेदावर सरकारनें शेंकडा दोनची मर्यादा घातली आहे, ही त्यांतल्या त्यांत चांगली गोष्ट. संध्याकाळीं आम्ही दोघे भाऊ खाडीच्या दिशेनें फिरावयास जातों. खारफुटीवरून वारा येतो, अण्णा जुन्या कारखान्याच्या गोष्टी सांगतात, आणि अर्धा-पाऊण तास पाय चालतात.

सर्वांत मोठा चोर मात्र अण्णांच्या उशाखालीं सांपडला. गुडघे दुखतात म्हणून ते कित्येक वर्षें औषधांच्या दुकानांतून स्वतःच वेदनाशामक गोळ्या आणीत. कधीं डायक्लोफिनॅक, कधीं आयबुप्रोफेन. दिवसाला दोन, थंडींत तीन. या गोळ्या वृक्कांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करितात आणि दाबहि चढवितात. डॉक्टरांनीं विचारलेल्या औषधांच्या यादींत अण्णांनीं त्या सांगितल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मतें तें औषधच नव्हे! हें उघडकीस आलें तें खोली झाडतांना. वाचकांनीं हा एक परिच्छेद तरी घरांतील वृद्धांस मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि भस्में व अनोळखी काढे यांविषयींहि तीच चौकशी करावी. शिसें-पारा असलेलीं कांहीं भस्में वृक्कांस बाधतात.

माझी कबुली राहिली. मला स्वतःला बारा वर्षें रक्तदाब आहे. गोळी नेमानें घेतों, दाब १२८ वर ८० च्या आसपास राहतो, म्हणून माझें सर्व ठीक आहे असा मला अभिमान होता, आणि अण्णांस उपदेश करितांना तो अभिमान मीं लपविला नव्हता. चैत्रांत नातीनें बाटली माझ्याहि हातांत दिली. अल्ब्युमिनाचें प्रमाण ४८ निघालें. फार नव्हे, पण ३० च्या वर. तीन महिन्यांनीं पुनः तपासलें, तेव्हां ४४. औषध बदललें, स्टॅटिन सुरू झालें. अण्णा त्या दिवशीं माझ्याकडे पाहून फक्त हंसले.

त्यांचा स्वतःचा दाब आतां १३४ पर्यंत उतरला आहे, ट्रायग्लिसराइड १७०, अल्ब्युमिन २१० वर आलें. गाळण्याची शक्ति ३९ ची ३८ झाली. गेली ती परत येणार नाहीं, पण घसरण थांबल्यासारखी आहे, असें डॉक्टर म्हणतात. मोतीबिंदु ज्येष्ठांत निघाला.

दाब मोजण्याचें यंत्र आतां घरीं आहे. रविवारीं सकाळीं, चहापूर्वीं, पांच मिनिटें स्वस्थ बसून, पाठ टेकून व हात हृदयाच्या पातळीवर ठेवून आम्ही दोघे मोजतों व वहींत लिहितों. श्रावणांतल्या एका रविवारीं वहिनी पोळ्या लाटून बाहेर आल्या, तेव्हां नातीनें सहज त्यांस खुर्चीवर बसविलें, थोडा वेळ जाऊं दिला आणि पट्टा बांधला. १५८ वर ९४. तिनें पुनः मोजलें. १५६ वर ९४. त्यांचें वय अडुसष्ट. शेवटचा दाब केव्हां मोजला होता म्हणून विचारतां त्यांनीं बराच वेळ आठवून सांगितलें: धाकट्या मुलाच्या बाळंतपणांत. तेव्हां पाय सुजले होते आणि डॉक्टरीणबाई मिठाबद्दल रागावल्या होत्या. गरोदरपणीं ज्या बायकांचा दाब चढतो त्यांस उत्तर वयांत रक्तदाबाचा व वृक्कांचा विकार होण्याचा संभव अधिक असतो, हें नातीनें मला मागाहून ग्रंथांत दाखविलें. नऊ महिने आम्ही या घरांत दाबाखेरीज दुसरें बोललों नव्हतों, आणि नऊ माणसांचें रांधणाऱ्या बाईचा दंड कोणीं हातीं घेतला नव्हता.

पुढची तपासणी आश्विनांत आहे. या खेपेस बाटल्या तीन न्यावयाच्या आहेत.